भामरे सरांचा दुसरा फोन

भामरे सर कुठल्याही कार्यक्रमातून अधेमधे उठून गेलेले मी पाहिले नाहीत. कॉलेजात एखादं रटाळ भाषण रंगवून लांबवलं जायचं, माणसं मोबाइल कानाला लावून एकेक करत बाहेर सटकायची, आणि सर मात्र आभारप्रदर्शन होऊन शिपाई सतरंज्या गुंडाळायला लागेपर्यंत बसून असायचे. भाषण ऐकत असतील असंही नाही. फक्त बसायचे. आमच्याच कॉलेजातल्या महाजन सरांचे वडील गेले तेव्हा स्मशानातून सगळे हातपाय धुऊन निघाले, तरी भामरे सर चितेकडे बघत उभेच. मी जवळ जाऊन म्हटलं, "चला सर, गाड्या निघाल्या."

"तुम्ही व्हा पुढे मॅडम," ते म्हणाले. "पूर्ण होऊ द्या. मी येतो रिक्षानं."

जळगावच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे आणि मी वनस्पतिशास्त्र. राहायला आम्ही दोघंही धुळ्याला, देवपुरात. भौतिकशास्त्राचे महाजन सरही तिथलेच. त्यांची गाडी होती. पेट्रोलचा खर्च वाटून घेऊन आम्ही तिघं रोज पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगाव गाठायचो आणि संध्याकाळी तसेच परत. महाजन गाडी चालवायचे आणि बोलायचे. मी पुढे बसून हं हं करायची. भामरे सर मागे, डाव्या खिडकीशी.

उंच माणूस, मानेशी जरा वाकलेला. शर्ट कायम पांढरा. डब्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. लग्न केलेलं नव्हतं. वर्गात ते हजेरी घ्यायचे ती एक पाहण्यासारखी गोष्ट होती. गैरहजर मुलाचा नंबर आला की पुढे जायचे नाहीत. मान वर करून त्या मुलाच्या बाकाकडे बघायचे, थोडं थांबायचे, मग पुन्हा एकदा नंबर घ्यायचे. मुलं पाठीमागे नक्कल करायची. मीही एकदोनदा हसले असेन. पदवीच्या वर्गातल्या एका मुलीनं त्यांना विचारलं होतं, "सर, नाही आला तो, पुढचा नंबर घ्या ना." सर म्हणाले, "येतही असेल जिन्यात."

गाडीत बसले की सर मोबाइलवर पत्त्यांतला पोकर खेळायचे. मला आधी ते विचित्र वाटलं होतं, पण त्यात लपवाछपवी नव्हती. चहाच्या किमतीत प्रवेश मिळेल अशी एखादी छोटी टूर्नामेंट ते सकाळी मुकटीच्या आसपास सुरू करायचे. हरले की फोन पालथा घालायचे आणि खिडकीबाहेर कपाशीची शेतं बघत बसायचे. दुसरी टूर्नामेंट त्या दिवशी कधी लावली नाही. जिंकले तरी चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. एवढंच की त्यांच्या मांडीवर आणखी एक फोन असायचा, काचेला तडा गेलेला, जुना. त्याची स्क्रीन चालू असायची, पण सर त्याला हात लावायचे नाहीत. मधूनमधून बघायचे फक्त. मला वाटायचं, चार्जिंगची काहीतरी भानगड असेल.

एका सकाळी पारोळ्याच्या पुढे महाजनांनी विषय काढला. "सर, मलाही शिकवा की हे. तो कॅश गेम आणि तुमची टूर्नामेंट, यात फरक काय नेमका?"

सरांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. कॅश गेममध्ये समोरची चिप, म्हणजे खेळातली चकती, खरे पैसेच. वाटेल तेव्हा टेबलावर बसायचं, वाटेल तेव्हा उरलेलं उचलून उठायचं. टूर्नामेंटला प्रवेश एकदाच भरायचा. सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, त्या संपल्या की तुम्ही बाहेर. मग कितीही वाटलं तरी परत बसता येत नाही. आणि प्रत्येक फेरीत सगळ्यांना आळीपाळीनं सक्तीनं काही चिप्स टाकाव्या लागतात, तो आकडा वाढत जातो, म्हणून कुणाला नुसतं बसून राहता येत नाही.

"मग फायद्याचं कुठलं?" महाजन.

"गणितानं बघाल तर कॅश. छोट्या टूर्नामेंटमध्ये नशिबाचा भाग फार. विचार करायला सवड मिळत नाही. चांगल्या खेळाडूनं कॅशच खेळावं."

"आणि तुम्ही टूर्नामेंट खेळता."

"हो."

"का पण?"

सरांनी मांडीवरच्या जुन्या फोनकडे बघितलं. मग म्हणाले, "ती संपते."

महाजनांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. आम्ही विषय सोडून दिला. पण महाजन सोडणारे नव्हते. महिनाभरानं असेल, एरंडोलला चहाला थांबलो होतो तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकानं फोन पुढे केला. "हे बघा सर. तुमच्या सांगण्यावरून कॅश गेम सुरू केला. बरं जमतंय मला."

सरांच्या हातातला चहा तसाच राहिला. "माझ्या सांगण्यावरून?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, चांगल्या खेळाडूनं कॅशच खेळावं म्हणून."

सरांनी कप टपरीच्या फळीवर ठेवला. गाडीतून आपली पिशवी काढली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. मी मागे धावले. ते थांबले, पण माझ्याकडे बघितलं नाही. "मॅडम, तुम्ही जा त्यांच्याबरोबर," म्हणाले. "मी बसनं येतो." एवढ्याशा गोष्टीवर चाळिशीपन्नाशीतल्या माणसानं असं का करावं, ते मला उमगेना. त्यानंतर बरेच दिवस ते एसटीनंच येत-जात राहिले. शेवटी महाजन त्यांच्या घरी गेले, त्यांच्यासमोर ते ॲप फोनमधून काढून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सर पुन्हा मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी येऊन बसले. दोघांत त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही.

मला जे कळलं ते असंच, न विचारता कळलं. महाजन लग्नकार्यासाठी रजेवर होते, म्हणून मी आणि सर एसटीनं निघालो होतो. शेजारी बसल्यामुळे मला पहिल्यांदाच तो जुना फोन नीट दिसला. त्यावरही टूर्नामेंट चालू होती. टेबलाभोवती गोल करून नावं, आणि त्यांतल्या एका नावाखाली 'अनुपस्थित' अशा अर्थाची खूण. ते नाव होतं, 'तापीकाठचा किशोर'. त्याच्यासमोर पत्ते वाटले जात, कुणी हात लावत नसे, पत्ते आपोआप परत जात. आणि सक्तीच्या चिप्स त्याच्यासमोरून आपोआप उचलल्या जात. ढीग हळूहळू खाली येत होता.

पारोळा मागे पडल्यावर टेबलाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत एक ओळ उमटली. दुसऱ्या कुठल्यातरी खेळाडूनं लिहिलं होतं, 'अरे किशोर, कुठे होतास इतकी वर्षं?'

सरांनी तो फोन पहिल्यांदा हातात घेतला. अंगठा स्क्रीनच्या वर आणला आणि तिथेच ठेवला. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय.

"सर, काय झालं?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "काय लिहू मॅडम?" ते म्हणाले. "ह्याला काय उत्तर देऊ?"

थोड्या वेळानं ती ओळ वर सरकून दिसेनाशी झाली. मग एसटीच्या खडखडाटात, समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत, त्यांनी मला किशोरची गोष्ट सांगितली.

किशोर त्यांचा धाकटा भाऊ. वयात बरंच अंतर. वडील लवकर गेल्यामुळे शिंदखेड्याच्या घरी सरांनीच त्याला वाढवलं, शिकवलं, शिरपूरला नोकरीला लावलं, लग्न करून दिलं. पत्तेही त्यांनीच शिकवले, संभाव्यता कळावी म्हणून. पोराचं डोकं तल्लख होतं. पोकरमध्ये तो सरांच्या पुढे गेला. छोट्या टूर्नामेंटमध्ये चांगलं खेळूनही नशिबानं हरला की चिडायचा. त्याला सरांनी कागदावर आकडेमोड करून दाखवलं, की तुझ्यासारख्यानं कॅश गेमच खेळायला हवा. हवं तेव्हा उठता येतं, धोका वाटला की उठायचं. किशोरनं ऐकलं. शिरपूरच्या पलीकडे कुणाच्यातरी शेतातल्या बंगल्यावर रविवारी दुपारी मित्रांचा डाव बसायचा. असले डाव उघडपणे चालत नाहीत, पण चालतात. किशोर तिथे जाऊ लागला.

"हरत होता का?" मी विचारलं.

"तेच तर," सर म्हणाले. "हरत नव्हता. कुणाचं देणं नव्हतं, घरात भांडण नव्हतं. त्या दुपारीही तो चांगला पुढे होता. एक हात संपला, उठला, म्हणाला 'येतो'. समोरच्या चिप्स तशाच ठेवल्या, फोन तसाच ठेवला. मित्रांना वाटलं लघवीला गेला असेल."

कॅश गेममध्ये उठलेल्या माणसाच्या चिप्सना कुणी हात लावत नाही. त्यांनीही लावला नाही. त्याची जागा धरून खेळत राहिले. ऊन उतरल्यावर शोधायला बाहेर पडले. पोलिसांनी मागाहून विहिरी बघितल्या, तापीचा काठ बघितला, सातपुड्याच्या पायथ्याची गावं पालथी घातली. चप्पलसुद्धा सापडली नाही. सर दुसऱ्या दिवशी त्या बंगल्यावर गेले तेव्हा टेबलावर सगळं आवरलेलं होतं, फक्त किशोरच्या खुर्चीसमोरचा ढीग तसाच होता. आवरायचं कुणाचं धाडस झालं नव्हतं.

"ही गोष्ट करोनाच्या आधीची," सर म्हणाले. "त्याचा फोन माझ्याकडे आला. त्यात त्याचं हे खातं होतं. फुकट प्रवेशाच्या टूर्नामेंट असतात, त्यांत मी रोज त्याचं नाव टाकतो. खेळत मी नाही त्याच्या वतीनं. कुणाचं काही घेत नाही. फक्त बसवतो त्याला. एरंडोलच्या अलीकडे-पलीकडे कधीतरी चिप्स संपतात. संपल्या की दिवस बरा जातो."

मी त्या फोनकडे बघत होते. 'तापीकाठचा किशोर'समोर आता शेवटच्या काही चिप्स राहिल्या होत्या. त्या सक्तीनं आत गेल्या. सरांनी सांगितलं की अशा वेळी माणूस हजर नसला तरी त्याचे पत्ते टेबलावरच राहतात आणि शेवटी उघडले जातात. पत्ते उघडले. दोन राजे होते. किशोर तो हात जिंकला. मग लगेच त्याच्या पुढचाही. त्याच्यासमोर पुन्हा लहानसा ढीग उभा राहिला.

सरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते हसू म्हणावं का, मला ठरवता आलं नाही. "होतं असं कधीकधी," ते म्हणाले. त्या दिवशी किशोर पाळधीच्या पुढपर्यंत टेबलावर होता. जळगावला उतरताना सरांना पायरी दिसली नाही. मी दंडाला धरलं.

किशोरची बायको वैशाली एरंडोलला माहेरी राहायची आणि तिथल्याच एका दवाखान्यात नर्स होती. महिन्यातून एकदा परतीच्या वाटेवर सर तिच्याकडे डोकावायचे. आम्ही बाहेर गाडीत थांबायचो. एकदा तिनं मलाही आत बोलावलं, आग्रहानं. महाजन टायर बघत बाहेर राहिले. चहा पुढे ठेवून ती सरळ बोलली. कदाचित परकं माणूस समोर असावं असंच तिला वाटत असेल.

"दादा, कोर्टात अर्ज करायचा म्हणतेय. सात वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांनी माणूस गेला असं कायदा धरतो."

सर चहाकडे बघत राहिले.

"मला शिरपूरचं एक स्थळ आलंय. शिक्षक आहेत, बायको गेलेली. पण ते आलं म्हणून नाही म्हणत मी." तिचा आवाज चढला नव्हता. "लग्नाकार्यात मला कुठे बसवायचं, हेच बायकांना कळत नाही. सवाष्णींत बोलवत नाहीत, आणि विधवा आहे म्हणायलाही कुणाची जीभ रेटत नाही. हळदीकुंकवाचं ताट माझ्यापाशी आलं की घुटमळतं. मला काहीतरी एक करून द्या दादा. तुमची साक्ष लागेल. शिंदखेड्याच्या आईंना तर विचारायची सोय नाही."

"मला विचार करू दे," सर म्हणाले.

"करा," ती म्हणाली. "पण येताना दर वेळी दारातून आधी आत बघता ना, तो घरात आहे का म्हणून, ते बंद करा. मला दिसतं ते."



सरांची आई शिंदखेड्याला. उन्हाळ्यात ती आजारी होती तेव्हा महाजन आणि मी भेटायला गेलो. अंगानं सुकलेली, पण डोळे लख्ख. ओट्यावर खाटेवर बसून होती. आम्हाला पाणी द्यायला सांगितलं, बसा म्हणाली, आणि मग सरांना अहिराणीत विचारलं, "किशोर उना का रे?"

"नही उना माय," सर म्हणाले.

"येई. बठ्ठा येतस, तो बी येई."

दूध आलं का, पेपर आला का, अशा सुरात तिनं किशोर आला का ते विचारलं होतं, आणि सगळे येतात तसा तोही येईल म्हणाली होती. सर सांगत होते की ती रोज विचारते, फोनवरसुद्धा, आणि खोटं सांगितलेलं तिला लगेच कळतं. वैशालीच्या अर्जाचं तिला सांगायचं म्हणून सर त्या दिवशी दोनदा तिच्याशेजारी जाऊन बसले. दोनदा तिच्या पायावरची चादर सारखी करून उठले.

विचार करायला त्यांनी घेतलेला वेळ लांबत गेला. वैशालीनं पुन्हा विचारलं नाही. मग नवा कायदा आला आणि पैशांच्या खेळांची ॲप एकाएकी बंद पडली. सकाळी गाडीत सरांनी दोन्ही फोन काढले. त्यांच्या फोनवर कंपनीची सूचना होती, खेळ थांबवले आहेत म्हणून. जुन्या फोनवर तेवढंही नव्हतं, नुसती पांढरी स्क्रीन. सर ती बंद करून पुन्हा चालू करत होते. पारोळ्यापर्यंत करत होते.

"सर," महाजन म्हणाले, "जाऊ द्या आता."

"नाव तरी दिसायचं त्याचं," सर म्हणाले. "आता कुठेच नाही."

त्यानंतर पंधरवड्याच्या आत त्यांनी वैशालीला निरोप धाडला, की मी साक्ष देतो.

धुळ्याच्या कोर्टात मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांना सोबत हवी आहे असं ते म्हणाले नव्हते, पण आदल्या दिवशी 'उद्या तुम्हाला तास आहे का' असं विचारलं होतं. वैशाली समोरच्या बाकावर होती. वकिलांनी नेहमीचे प्रश्न विचारले. भावाला शेवटचं कधी पाहिलं, त्यानंतर काही पत्र, फोन, निरोप, कुणी पाहिल्याचं कानावर आलं का. सर प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणत गेले. मग वकिलांनी विचारलं, "तो हयात असता तर तुमच्याशी संपर्क केला असता, असं तुम्हाला वाटतं का?"

सर थांबले. हजेरी घेताना थांबायचे तसेच. न्यायाधीशांनी मान वर केली.

"केला असता," सर म्हणाले. "मीच त्याला वाढवला. मला सांगितल्याशिवाय तो कधी राहिला नाही."

"म्हणजे तुमच्या मते तो हयात नाही."

"नाही," सर म्हणाले, आणि एवढ्या हळू म्हणाले की त्यांना पुन्हा म्हणायला सांगावं लागलं. ते पुन्हा म्हणाले.

बाहेर आल्यावर वैशाली त्यांच्या पाया पडली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्या खांद्यावरून त्यांची नजर कोर्टाच्या आवारात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांवर फिरत होती. निकाल यथावकाश लागला. वैशालीचं लग्न शिरपूरला साधेपणानं झालं. भावाच्या जागी सर उभे राहिले. पंगती उठल्या, मांडव सोडायला माणसं आली, तरी ते तिथेच होते.

निवृत्तीला अवकाश असताना सरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आईजवळ शिंदखेड्याला जाऊन राहिले. गाडीत मागची डावी खिडकी रिकामी झाली. सुरुवातीला फोन व्हायचे. मग ते विरळ झाले. आई गेल्याचं कळलं तेव्हा मी परीक्षेच्या कामात अडकले होते. फोनवर बोलले. ते नीट बोलले, तुमची प्रकृती कशी आहे, महाजन काय म्हणतात, सगळं विचारलं.

अलीकडे नंदुरबारला प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेले होते. परतताना दुपारची पॅसेंजर धरली. गाडी शिंदखेडा स्टेशनला थांबली. ऊन होतं, फलाटावर माणसं थोडी. मी खिडकीतून बघत होते, तर पांढऱ्या शर्टातला एक उंच माणूस डब्यांच्या कडेनं चालत येत होता. प्रत्येक खिडकीपाशी जरा वाकायचा, आत बघायचा, आणि पुढे सरकायचा. उतरणाऱ्यांनाही बघत होता, पण घाई नव्हती. माझ्या खिडकीशी आला आणि वाकला. डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, तरी ओळख पटायला वेळ लागला. ते वाट बघत होते ती माझी नव्हती, म्हणून असेल.

"सर, मी."

"अरे, मॅडम." ते खरंच खूश झाले. बरेच वाळले होते. "नंदुरबारहून?"

"हो. तुम्ही कुणाला घ्यायला आलात?"

"नाही, कुणाला नाही," ते म्हणाले. "आई रोज विचारायची ना, उना का म्हणून. न बघता नाही म्हणायला मला बरं वाटायचं नाही. म्हणून गाडीला येऊन बघून जायचो, मग तिला सांगायचो."

त्यांनी फलाटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आता आई नाही," ते म्हणाले. "पण गाडीची वेळ झाली की घरात बसवत नाही."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. खिडकीच्या गजांतून मी हात पुढे केला, त्यांनी तो क्षणभर धरला. जेवलात का, धुळ्याला या एकदा, महाजनही आठवण काढतात, असं मी काहीतरी बोलत गेले. ते हो हो म्हणत होते, पण मान गाडीच्या मागच्या बाजूला वळत होती. पाठीमागे अजून तीनचार डबे होते.

भोंगा वाजला. गाडीनं हिसका दिला.

"बरं मॅडम, येतो मी," ते म्हणाले, आणि माझा हात सोडून उरलेल्या डब्यांकडे वळले. माझ्याशी बोलण्यात त्यांचा वेळ गेला होता. सरकत्या खिडक्यांमध्ये वाकून वाकून बघत, वाकलेल्या मानेचा तो माणूस उलट दिशेनं जवळजवळ धावत होता.